फ्लेक्सवरचा फोटो आणि स्टॅम्पवरची सही : खेळाडू वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ४०० मीटर पळते. यंदा विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेली आणि पदक घेऊन आली. आता आमच्याकडं एका भरती अकॅडमीनं चौकात तिचा भला मोठा फ्लेक्स लावलाय, ‘आमची विद्यार्थिनी’ म्हणून. तिला पुढं पोलीस भरतीत जायचंय, म्हणून तिथं ती उन्हाळ्यात थोडेच दिवस गेली होती, आम्हाला कुणी विचारलं नाही. दुसरं म्हणजे परभणीतला एक बुटांचा दुकानदार तिला स्पाईक्स म्हणजे पिनांचे बूट, दोन ट्रॅकसूट आणि पंचवीस हजार रुपये द्यायला तयार आहे. त्याच्या कराराचा कागद सोबत पाठवतोय. लेकरू अजून शिकतंय. शिकताना असे पैसे घेतले तर विद्यापीठ तिला खेळू देईल का? सही करावी का?
– एक शेतकरी वडील, जिंतूर तालुका

उत्तर : भाऊ, पैसे जरूर घ्या. पण तुम्ही पाठवलेल्या कागदावर, तो आहे तसा, मुलीला सही करू देऊ नका.

आधी विद्यापीठाचं. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातीचे पैसे घ्यायला कित्येक वर्षं सक्त मनाई होती. आपल्याकडे तशी देशभराची बंदी कधी नव्हती. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी मुख्यतः खेळाडू नियमित विद्यार्थी आहे का आणि वयात बसतो का, हे बघतात. काळजी एवढीच घ्या, की विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेल्या जर्सीतला फोटो दुकानाच्या जाहिरातीत जाणार असेल तर क्रीडा विभागाची लेखी परवानगी हवी. ती जर्सी विद्यापीठाची आहे. चेहरा मात्र मुलीचा आहे, आणि फ्लेक्सचं उत्तरही तिथेच आहे.

अमेरिकेतला सगळा बदल अशाच एका चित्रापासून सुरू झाला. एड ओ’बॅनन हा १९९५ साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा खेळाडू. पुढे एका मित्राच्या घरी त्याने व्हिडिओ गेममध्ये स्वतःलाच पाहिलं. तोच रंग, तोच डावरेपणा, पाठीवर तोच ३१ नंबर. नाव तेवढं नव्हतं. गेम विकून कंपनी कमावत होती, त्याच्या हाती एक छदामही नव्हता. २००९ मध्ये त्याने एनसीएए या तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेला कोर्टात खेचलं आणि २०१४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि १ जुलै २०२१ पासून देशभरातल्या कॉलेज खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि ओळख वापरू देण्याचे पैसे घ्यायची मोकळीक मिळाली. २०२४ मध्ये कॉलेज फुटबॉलचा नवा गेम आला, तेव्हा त्यात दिसणाऱ्या दहा हजारांहून जास्त मुलांची संमती घेतली आणि प्रत्येकाला किमान ६०० डॉलर दिले.

तुमच्या चौकातला फ्लेक्स तोच प्रकार आहे. एखाद्याचं नाव आणि चेहरा धंद्यासाठी वापरण्याचा हक्क त्या व्यक्तीचाच, असं आपल्या न्यायालयांनीही म्हटलंय. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या प्रकरणात त्यांचं नाव, आवाज आणि छबी यांना संरक्षण दिलं, आणि छत्रपती संभाजीनगरचं आपलं खंडपीठ त्याच न्यायालयाचं आहे. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी नियम काढले. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती घ्यायची, आणि त्याने कुठला कोर्स किती काळ केला होता तेही सांगायचं. हे नियम खेळाच्या शिकवणीला लागू नाहीत, हे लक्षात घ्या. पण भरती अकॅडमी लेखी परीक्षेचीही तयारी करून घेत असेल तर तिला ते दाखवता येतात. आणि थोडे दिवस आलेल्या मुलीला ‘आमची विद्यार्थिनी’ म्हणून मिरवणं ही दिशाभूल आहेच.

तर असं करा. फ्लेक्सचा चौक ओळखू येईल असा तारखेसह फोटो काढा. मुलीच्या सहीने साधं पत्र लिहा : माझा फोटो माझ्या परवानगीशिवाय लावला आहे, सात दिवसांत काढावा. एक प्रत हातोहात द्या आणि पोच घ्या, दुसरी स्पीड पोस्टाने पाठवा. नाहीच ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बहुतेक वेळा पत्रानेच फ्लेक्स उतरतो. अकॅडमीवाले ‘काका, चूक झाली, मानधन देतो’ म्हणत घरी आले तर तेही लेखी, आणि फ्लेक्सवर खरं तेवढंच छापायचं.

आता दुकानदाराचा कागद. मी तो ओळ न् ओळ वाचला. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर आहे, म्हणून तुम्हाला तो पक्का वाटला असेल. पण स्टॅम्पने करार न्याय्य होत नाही.

कलम तीन म्हणतं, मुलीचं नाव, फोटो, आवाज आणि व्हिडिओ ‘सर्व माध्यमांत कायमस्वरूपी’ वापरता येतील. हे आधी खोडा. एक वर्ष, परभणी जिल्हा, दुकानाचे फ्लेक्स आणि दुकानाचं इन्स्टाग्राम पान, एवढंच लिहा. उद्या ती राष्ट्रीय स्पर्धा जिंकली तर आज पंचवीस हजारांत दिलेला चेहरा परत कसा आणणार?

कलम पाच म्हणतं, तिने ‘इतर कोणत्याही व्यापाऱ्याशी’ करार करायचा नाही. बुटांच्या दुसऱ्या दुकानाशी नाही, हे रास्त आहे. पण तूपवाला, बँक, सायकलवाला यांनी काय घोडं मारलंय? ‘क्रीडा पादत्राणे’ एवढीच बंदी ठेवा.

कलम सहानुसार तिने प्रत्येक स्पर्धेत दुकानाने दिलेलेच स्पाईक्स घालायचे. इथे मी मैदानावरची बाई म्हणून बोलते. सिंथेटिक ट्रॅकवर सहसा ६-७ मिलिमीटरच्या पिना चालतात. मातीच्या मैदानावर त्या पकड धरत नाहीत, तिथे लांब पिना लागतात. ४०० मीटरच्या शेवटच्या वळणावर बूट टाचेला सैल असेल तर पाऊल आतल्या आत सरकतं, नख काळं पडतं, घोटा दुखावतो. पायात काय घालायचं हे मुलगी आणि तिचा प्रशिक्षक ठरवतील. फोटोसाठी दुकानाचे बूट घालेल, स्पर्धेत पायाला बसतील ते.

आणि कलम सात, ज्याच्यासाठी मी हे उत्तर इतकं लांबवलं : ‘भविष्यात क्रीडेतून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम.’ हे पूर्ण काढून टाकायचं. दुकानदार ते काढणार नसेल तर करारच नको. फ्लोरिडा विद्यापीठाच्या जर्व्हॉन डेक्स्टर या फुटबॉलपटूने २०२२ मध्ये एका कंपनीकडून सुमारे ४ लाख ३६ हजार डॉलर घेतले आणि बदल्यात व्यावसायिक खेळातल्या २५ वर्षांच्या कमाईतला १५ टक्के हिस्सा लिहून दिला. पुढच्याच वर्षी तो व्यावसायिक संघात निवडला गेला आणि त्याच करारातून सुटण्यासाठी त्याला कोर्टात जावं लागलं. तिथे वकील, एजंट, विद्यापीठाचे सल्लागार हाताशी असतात, तरी हे घडलं. आपल्याकडे तर वाचून दाखवायलाही कुणी नसतं.

कागदात नसलेलं एक कलम मात्र घालून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक मुलींच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती असते, तुमच्याही पत्रात तसा उल्लेख आहे. सरकारी नोकरी लागली की परवानगीशिवाय जाहिरात करता येत नाही. म्हणून लिहा : ‘शासकीय सेवेत नियुक्ती झाल्यास करार त्या तारखेपासून संपेल आणि मिळालेली रक्कम परत मागितली जाणार नाही.’ दुखापत झाली तरी पैसे परत नाहीत, हेही लिहा.

सही मुलीची, ती अठरा पूर्ण असेल तर. १८७२ च्या करार कायद्याने अज्ञान मुलाचा करार ग्राह्यच धरला जात नाही. पैसे तिच्याच खात्यात घ्या आणि पॅन कार्ड काढून ठेवा. एका वर्षात एका व्यापाऱ्याकडून मिळालेल्या वस्तू २० हजारांच्या वर गेल्या किंवा मानधन ५० हजारांच्या वर गेलं, तर त्याला १० टक्के टीडीएस कापावा लागतो. तुमचा व्यवहार त्याखाली दिसतोय. कुणी ‘कर कापला’ म्हणून हातात कमी रक्कम ठेवली तर कापल्याचा दाखला मागा.

प्रश्न : मी बारावीत आहे, उंच उडी मारतो. अमेरिकेत कॉलेजातले खेळाडू करोडो कमावतात असं व्हिडिओत बघितलं. पुण्याचा एक सल्लागार म्हणतो, अडीच लाख द्या, शिष्यवृत्ती मिळवून देतो, तिथं गेल्यावर जाहिराती करून फिटतील. बाबा म्हणतात, दोन एकर काढू. काय करू मॅडम?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : लेकरा, जमिनीला हात लावू देऊ नकोस. अमेरिकेला जायचं स्वप्न ठेव, ते चांगलं आहे. फक्त त्या पैशांचा हिशेब नीट समजून घे.

व्हिडिओत दाखवतात ते खोटं नाही. जून २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने एका मोठ्या तडजोडीला मंजुरी दिली. त्यामुळे कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी एका कॉलेजची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. आधीच्या खेळाडूंना नुकसानभरपाई म्हणून दहा वर्षांत मिळून जवळपास २८० कोटी डॉलर द्यायचे आहेत. जाहिरातींचे पैसे वेगळे. ६०० डॉलर किंवा त्यावरचा प्रत्येक जाहिरात करार तिथे कळवावा लागतो आणि तो खराखुरा व्यवहार आहे का, हे तपासलं जातं.

पण ही मर्यादा एका खेळाडूची नाही, सगळ्या खेळांची मिळून आहे. त्यातला फार मोठा हिस्सा अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, कारण टीव्हीचा पैसा तिथूनच येतो. उंच उडीवाल्याच्या वाट्याला त्यातलं फारसं काही येत नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे, आणि सल्लागाराने ती तुला सांगितलेली दिसत नाही. तू तिथे विद्यार्थी व्हिसावर, म्हणजे एफ-१ वर राहशील. त्या व्हिसावर सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, बाहेरचं काम परवानगीशिवाय नाही. जाहिरातीसाठी उभं राहणं, व्हिडिओ करणं हे काम धरलं जाऊ शकतं, आणि व्हिसा गेला तर शिक्षणही गेलं. झॅक ईडी हा कॅनडाचा सव्वासात फुटांहून उंच बास्केटबॉलपटू परड्यू विद्यापीठात सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, तरी याच व्हिसामुळे त्याला सहकाऱ्यांसारखी कमाई करता आली नाही. काँगोचा ऑस्कर चिब्वे केंटकीकडून खेळायचा. २०२२ मध्ये संघ बहामाला गेला, तेव्हा अमेरिकेबाहेर पाऊल पडल्यावर त्याने आपले जाहिरातींचे करार उरकून घेतले. इतक्या नावाजलेल्या मुलांना इतके वळसे घ्यावे लागतात. तेव्हा ‘जाहिराती करून फिटतील’ या वाक्यावर दोन एकर काढणं म्हणजे बाबांना उघड्यावर आणणं आहे.

मग जायचंच नाही का? जा. तुझ्याच खेळातला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकला. २०१८ आणि २०२२ मध्ये त्याने एनसीएएचं उंच उडीचं विजेतेपद मिळवलं आणि २०२२ च्याच राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला कांस्य दिलं. त्याला तिथे मिळालं ते प्रशिक्षण, मैदान, फिजिओ आणि पदवी. तू त्यासाठी जा.

त्यासाठी सल्लागार लागत नाही. कॉलेजच्या संकेतस्थळावर ट्रॅक अँड फील्डच्या प्रशिक्षकांचे ई-मेल असतात. तुझी सर्वोत्तम उडी, ती कुठल्या स्पर्धेत कधी मारलीस, त्याचा निकालपत्रकाचा फोटो, बाजूने घेतलेला धावेसकटचा व्हिडिओ आणि दहावीचे गुण, एवढं पाठव. वीस-पंचवीस ठिकाणी पाठव. एनसीएएच्या डिव्हिजन वन आणि टू मधली कॉलेजं खेळाची शिष्यवृत्ती देतात. थ्री मध्ये ती मिळत नाही, तिथे गुणवत्तेवर किंवा गरजेवर मदत मिळते. कुणी होकार दिला तर एकच प्रश्न लेखी विचार : शुल्क, राहणं, जेवण, पुस्तकं, विमा यांपैकी कशाकशाचे पैसे तुम्ही देणार आणि किती वर्षं? ‘शिष्यवृत्ती’ म्हणजे सगळं फुकट, असं समजू नकोस. आपल्या खेळात बऱ्याचदा अर्धी किंवा पाव मिळते. उरलेली रक्कम डॉलरमध्ये असते आणि व्हिसाच्या वेळी ती दाखवावी लागते.

तोंडी कबुलीवर तर मुळीच जाऊ नकोस. २०२४ मध्ये नेवाडातल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, मॅथ्यू स्लुका तीन सामने जिंकल्यावर हंगाम अर्धवट टाकून निघून गेला. एक लाख डॉलर तोंडी कबूल केले होते ते दिले नाहीत, असं त्याच्या बाजूचं म्हणणं. विद्यापीठाने ते नाकारलं. कागद नव्हता, मग खरं कुणाचं?

इथलंही बघ. खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला १० हजार रुपये खर्चाला मिळतात, प्रशिक्षण आणि राहण्याचा खर्च वेगळा. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे. निवड चाचणीची चौकशी तिथे आधी कर.

प्रश्न : आपण आपल्या लेखांतून विद्यार्थी खेळाडूंनी पैसे घेण्याचं समर्थन करता. मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. पैसा आला की सराव जातो, संघात हेवेदावे येतात. अमेरिकेतही तेच झालं आहे. विद्यार्थ्यानं खेळासाठी खेळावं.
– उदगीर

उत्तर : सर, तुमच्या काळजीत तथ्य आहे. अमेरिकेत खेळाडू आता दरवर्षी कॉलेज बदलतात, जिथे जास्त मिळेल तिथे जातात. एकाच संघात एकाला लाखो डॉलर आणि शेजारच्याला काहीच नाही, यातून धुसफूस होते. मला ते आवडत नाही.

पण त्याआधी काय होतं? एनसीएएने बास्केटबॉलच्या एका स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क २०१० मध्ये चौदा वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना विकले. अलाबामाचे फुटबॉल प्रशिक्षक निक सेबन वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त घेत होते. आणि २०१४ मध्ये त्याच बास्केटबॉल स्पर्धेचा विजेता ठरलेला शबाझ नेपियर पत्रकारांना सांगत होता की काही रात्री तो उपाशी झोपतो. ते ऐकल्यावर एनसीएएला जेवणाचे नियम सैल करावे लागले. ‘खेळासाठी खेळा’ हा उपदेश त्या मैदानावर एकट्या खेळाडूलाच होता. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरची बंधनं नऊ विरुद्ध शून्य अशी फेटाळली, तेव्हा न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र टिपणीत एनसीएए कायद्याच्या वर नाही, असं बजावलं.

उपाशी राहण्यासाठी आपल्याला अमेरिकेपर्यंत जायला नको. धाराशिवची सारिका काळे भारतीय खो-खो संघाची कर्णधार झाली, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जवळपास दहा वर्षं एकवेळच्या जेवणावर काढली, असं तिनेच तेव्हा सांगितलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथेच धावपटू म्हणून घडला. त्याला पगार आणि खुराक सैन्याने दिला. तो कॉलेजात राहिला असता तर त्याला स्टीपलचेससाठी, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीसाठी, कुणी उभं केलं असतं, हा प्रश्न मला आजही छळतो. मी महाविद्यालयात क्रीडा संचालक होते तेव्हा सकाळच्या सरावाला येणाऱ्या मुलींच्या रुमालात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा असायचा. सहाशे मीटरचे चार पल्ले मारल्यावर तेवढंच खायचं आणि नऊच्या तासाला पळायचं. स्पर्धेचा दैनिक भत्ता वाचवून घरी नेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांचा सराव पैशाने गेला नाही, पैसा नव्हता म्हणून गेला. दुसऱ्या वर्षी लग्न झालं आणि संपलं.

आणि सर, आपल्या मातीत खेळ आणि पैसा एकमेकांचे वैरी कधी होते? माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल होते. पैलवान चितपट करतो, फेटा बांधला जातो, रोख इनाम हातात पडतं, आणि त्यानं कुस्ती बाटली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला २०२२ च्या लिलावात चेन्नईने दीड कोटीला घेतलं, तेव्हा अख्ख्या मराठवाड्याला आनंद झाला. मग ४०० मीटर पळणाऱ्या पोरीने बुटांच्या दुकानदाराकडून पंचवीस हजार घेतले तर तिलाच का अडवायचं? हेवेदावे टाळायचे असतील तर तुमच्यासारख्या जाणत्या शिक्षकांनी एक काम हाती घ्यावं : मुलांचे करार वाचून द्यावेत. तुमच्या गावात त्यासाठी दुसरं कोण आहे?

प्रश्न : मी पैलवान आहे, कॉलेजात शिकतो. रीलला बरे व्ह्यूज येतात. एका ॲपवाल्यानं पैसे लावून खेळायच्या गेमची जाहिरात करायला सांगितलंय, रील मागे आठ हजार. एक प्रोटीनवालाही मागे लागलाय. करू का?
– अहमदपूर

उत्तर : ॲपला आजच नकार कळव. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, आणि जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनी कुठल्या देशात आहे हे सापडणार नाही, पण तुझा चेहरा सगळ्यांना सापडेल.

प्रोटीनचं म्हणशील तर जाहिरातीपेक्षा तुझ्या पोटात काय जातंय याची मला जास्त धास्ती आहे. भेसळीच्या डब्यातून बंदी असलेलं द्रव्य शरीरात गेलं तरी उत्तेजक चाचणीत जबाबदार खेळाडूच धरला जातो, बंदी चार वर्षांपर्यंत जाते. आणि जे तू स्वतः खात नाहीस ते ‘मी खातो’ म्हणून सांगणं कायद्याने दिशाभूल ठरतं, त्याला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड आहे. कंपनीकडे त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल माग. देत नसेल तर विषय संपला. देत असेल तर अहवाल वस्तादांना आणि एखाद्या क्रीडा-वैद्यकाला दाखव, रीलवर ‘जाहिरात’ असं ठळक लिही, आणि वापरलेल्या प्रत्येक डब्याचं बिल व बॅच नंबर वहीत डकवून ठेव.